पेरूच्या पठारावर: कागदपत्रं, ज्वालामुखी आणि माझी जिरलेली रग

पंधरा वर्षं दर रविवारी सिंहगड चढतोय, त्यामुळे पेरूला जायचं ठरवताना मला धास्ती होती ती फक्त कागदपत्रांची. उंचीला बायको घाबरत होती. प्रत्यक्षात कागदपत्रं तिनं निभावली आणि उंचीनं मला आडवं केलं. परत आल्यापासून ओळखीतल्या चार-पाच जोडप्यांनी फोन करून तेच प्रश्न विचारले, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतो.

जानेवारी २०२४मध्ये विषय निघाला. मी ५९, ती ५७. ग्रुप टूरचा दोघांनाही कंटाळा आलेला. सकाळी सातला बसमध्ये, दुपारी मोजून चाळीस मिनिटं फोटोला, हे आता नको होतं. दक्षिण पेरू करायचा, गाडी-ड्रायव्हर आपला, प्रत्येक गावात आपला गाईड. तीन स्थानिक एजन्सींना मेल टाकले. पहिल्या दोघांनी पाठवलेल्या आराखड्यात लिमाहून थेट कुस्को होतं, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून उठून एकदम ३,४०० मीटर. तिसरीनं न विचारता क्रम बदलून पाठवला: आधी अरेकिपा (२,३३५ मीटर), तिथे तीन रात्री, मग कोल्का खोरं, मग तितिकाका सरोवर, शेवटी कुस्को. आम्ही तिसरी धरली. कोटेशनमध्ये हॉटेल किती तारांकित आहे यापेक्षा कुठली रात्र किती उंचीवर आहे ते आधी बघा. आम्ही एक्सेलमध्ये उंचीचा वेगळा रकानाच केला होता.

दोघांचे मिळून ५,८०० डॉलर. यात तीन तारांची हॉटेलं, नाश्ता, गाडी, गाईड, प्रवेश तिकिटं, माचू पिचूची रेल्वे आणि तिथली देशांतर्गत विमानं. जेवणं नाहीत. याच मार्गाच्या ग्रुप टूरला दोघांना साधारण ३,८०० पडले असते. मुंबई-लिमा विमान, युरोपात एकदा बदलून, माणशी १ लाख ६२ हजार.

आता पैसे पाठवण्याची गंमत. एप्रिलमध्ये तीस टक्के आगाऊ भरायचे होते. कार्डावर एजन्सी साडेपाच टक्के जादा लावत होती, म्हणून बँकेतून वायर करायचं ठरवलं. फॉर्म ए-२, पॅन, एजन्सीचं बिल, आणि हेतूच्या रकान्यात एस०३०६, म्हणजे व्यवसाय, शिक्षण, उपचार, यात्रा यांत न बसणारा इतर प्रवास. काउंटरवरच्या मुलीनं आधी शिक्षणाचा कोड टाकला होता. मी म्हटलं, ‘अहो, या वयात?’ तीही हसली, पण फॉर्म पहिल्यापासून भरावा लागला. परदेशी टूर पॅकेज असल्यामुळे वर पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापला गेला (२०२४मध्ये हा दर होता, सात लाखांपुढे वीस टक्के). दोन हप्त्यांत मिळून आमचे चोवीस हजारांच्या आसपास गेले. ते प्राप्तिकरात वळते होतात, पण तोवर खिशातून जातात, तेव्हा बजेटमध्ये धरा. आणि मधल्या बँकेचं शुल्क आपण भरणार असं फॉर्मवर नीट लिहा. पहिल्या हप्त्यात मी ते लिहिलं नाही, तिकडे २५ डॉलर कमी पोचले आणि त्या पंचवीस डॉलरसाठी अकरा मेल झाले.

व्हिसा. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा असेल, तर पेरूचा पर्यटक व्हिसा वेगळा काढावा लागत नाही. आमचा अमेरिकेचा दहा वर्षांचा होता, मुलीकडे जातो म्हणून. मी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि मे महिन्यात एजन्सीनं माचू पिचूची तिकिटं काढली. ती पासपोर्ट नंबरावर निघतात. जूनमध्ये बायकोच्या लक्षात आलं की तिचा पासपोर्ट फेब्रुवारी २०२५मध्ये संपतोय, म्हणजे प्रवासाच्या तारखेला सहा महिने उरत नाहीत. नूतनीकरण झालं बारा दिवसांत, पोलिस आले, सगळं सुरळीत. पण आता नंबर बदलला, माचू पिचूच्या तिकिटावर जुना नंबर, आणि अमेरिकेचा व्हिसा कोपरा कापून रद्द केलेल्या जुन्या पासपोर्टात. दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवले की चालतं, हे आम्हाला माहीत होतं. ते समोरच्या माणसाला माहीत असावं लागतं.

तिकिटांवर आणखी एक घोळ झाला होता. आमच्या नावांत मधे वडिलांचं-नवऱ्याचं नाव येतं. स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना दोन आडनावं असतात, त्यामुळे एजन्सीनं माझ्या वडिलांचं नाव माझं पहिलं आडनाव करून टाकलं. पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवून, कुठलं नाव आणि कुठलं आडनाव ते लाल पेनानं खुणा करून कळवलं, तेव्हा सुटलं. हे पहिल्याच मेलला करायला हवं होतं.

८ ऑगस्टला पिवळ्या तापाची लस. ही पेरूच्या विमानतळासाठी नव्हे, परत येताना आपल्याच विमानतळासाठी लागते. पेरू भारताच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, आणि त्या देशांतून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं कार्ड नसेल, तर विलगीकरणात ठेवतात. आपण जंगलात गेलो नाही, फक्त थंड डोंगरात होतो, या युक्तिवादाला किंमत नाही. लस कुठल्याही दवाखान्यात चालत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. आम्ही पहाटेच्या गाडीनं मुंबई गाठली. फी माणशी ३०० रुपये, पासपोर्ट बरोबर, साडेतीन तास बाकावर. शेजारी सगळी आफ्रिकेला निघालेली पोरं, जहाजावरची आणि टॉवर कंपन्यांची. डॉक्टरांनी अंड्याची ॲलर्जी आहे का विचारलं, वय पाहिलं आणि म्हणाले, ‘साठीच्या आत आलात ते बरं केलंत, नंतर जास्त विचार करून द्यावी लागते.’ कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

उंचीच्या गोळीचं आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं. बायकोला त्यांनी ॲसिटाझोलामाइड लिहून दिली, सल्फाची ॲलर्जी नाही याची खात्री करून. मलाही दिली होती. मी ती घेतली नाही. सिंहगड.

अनंत चतुर्दशी झाली आणि १९ सप्टेंबरला निघालो. ‘पितृपक्षात कुठे निघालात?’ असं नात्यातल्या तिघांनी विचारलं. पण डोंगरातला कोरडा हंगाम मे ते ऑक्टोबर, आणि जूनपासून ऑगस्टपर्यंत गर्दी. आम्हाला हीच फट सापडली.

मुंबईत चेक-इन काउंटरवर पंचेचाळीस मिनिटं गेली. मुलानं बायकोचा नवा पासपोर्ट चाळला आणि म्हणाला, ‘मॅडम, पेरूचा व्हिसा?’ जुना पासपोर्ट पुढे केला, तर त्याचा कोपरा कापलेला बघून तो म्हणाला, ‘हा कॅन्सल आहे.’ पासपोर्ट रद्द झाला तरी त्यातला व्हिसा रद्द होत नाही, हे मी चढ्या आवाजात सांगायला लागलो. बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला आणि पिशवीतून फाइल काढली. नियमाची छापील प्रत, परतीचं तिकीट, हॉटेलांची यादी, एजन्सीचं पत्र, सगळं टॅग लावून. वरिष्ठ बाई आल्या, संगणकात वाचलं, ‘ओके’ म्हणाल्या. त्या फाइलीवरून मी घरी तिची चेष्टा केली होती. लिमाला इमिग्रेशनवर दोन मिनिटंही लागली नाहीत.

लिमात फक्त झोपलो. २१ला सकाळी अरेकिपा. विमान उतरताना डाव्या-उजव्या खिडक्यांतून ज्वालामुखी दिसायला लागतात: ५,८२२ मीटरचा मिस्ती, अगदी मुलांच्या चित्रातल्यासारखा शंकू, आणि शेजारी सहा हजारांवरचा पसरट चाचानी. त्यांच्या पायथ्याशी पांढरं शहर.

पांढरं का, ते दुसऱ्या दिवशी गाईडनं खाणीवर नेऊन दाखवलं. शहराबाहेर अन्याशुआइको नावाची घळ आहे, तिच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या दगडाच्या भिंती. याला सिय्यार म्हणतात. ज्वालामुखीतून उसळलेली तापलेली राख आणि वायू यांचा लोट पसरून, बसून, घट्ट झाला, तो हा दगड. साठीचा एक कारागीर उन्हात बसून छिन्नी-हातोड्यानं चिरा घडवत होता. त्यानं एक तुकडा माझ्या हातात दिला. हात आपोआप वर गेला, इतका हलका. बारीक भोकं, मधे राखाडी खडे, नखानं ओरखडा काढला तर भुकटी निघते. आमच्या वाड्याचं जोतं काळ्या पाषाणाचं, त्याचा एवढाच तुकडा घेतला असता तर मनगट खाली गेलं असतं. तोही ज्वालामुखीचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून शांतपणे वाहत आलेला लाव्हा. हा मात्र स्फोटानं उधळलेला. एकाच कुळातले दोन भाऊ, एक काळा-जड आणि एक गोरा-भुसभुशीत, असं मी गाईडला सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. ग्रुपबरोबर असतो तर तिथे वीस मिनिटं मिळाली असती. आम्ही दोन तास बसलो.

शहराची स्थापना १५४०ची. भूकंप पाचवीला पुजलेले. २००१च्या भूकंपात मोठ्या चौकातल्या कॅथीड्रलचा एक मनोरा कोसळला, तो पुन्हा उभा केलाय. सांता कातालिनाचा मठ १५७९चा, म्हणजे शहराच्या आत भिंत घातलेलं दुसरं शहरच. श्रीमंत घरच्या मुली भरघोस हुंडा देऊन इथे जोगिणी व्हायच्या, बरोबर दासी घेऊन. १८७१मध्ये पोपनं पाठवलेल्या एका कडक जोगिणीनं ही चैन बंद केली. मठ लोकांना खुला झाला तो थेट १९७०मध्ये. आत सेविया, तोलेदो अशा नावांच्या गल्ल्या, विटकरी आणि गडद निळ्या भिंती. मला सगळ्यांत आवडलं ते धुणं धुवायचं ठिकाण. मोठाले मातीचे रांजण उभे चिरून आडवे मांडलेत, मधून दगडी पन्हळ, आणि ज्या रांजणात पाणी हवं तिथे पन्हळीत हात आडवा धरायचा. गाईडनं धरून दाखवलं. बायको तिथून हलेना. तिचं आजोळ वाईचं, घाटावर धुण्याची सवय.

शाकाहाराबद्दल. ‘व्हेजेतारियानो’ म्हटलं की मान डोलावतात आणि कोंबडीच्या पाण्यातलं सूप आणतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस नको, कोंबडी नको, मासे नको) हे कागदावर लिहून ठेवा, आणि सूप आलं की ‘काल्दो दे पोयो?’ (कोंबडीचं पाणी आहे का?) असं विचारा. अरेकिपात सोल्तेरितो नावाची ओल्या पावट्यासारख्या दाण्यांची, चीज आणि मक्याची कोशिंबीर मिळते, त्यावर बायकोनं तीन दिवस काढले. मी मात्र २३च्या रात्री भरपूर खाल्लं आणि वर दोन पिस्को (तिकडची द्राक्षांची दारू) घेतले. दुसऱ्या दिवशी वर जायचं होतं.

२४ला सकाळी आठला निघालो. माळावर व्हिकुन्या चरत होत्या, हरणाच्या अंगाच्या, दालचिनी रंगाच्या. दुपारी पातापाम्पाची खिंड, ४,९१० मीटर. कळसूबाईवर कळसूबाई आणि तिच्यावर आणखी एक कळसूबाई रचली की एवढी उंची होते. हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम ५५ टक्के. गाईड म्हणाली, दहा मिनिटं, सावकाश चाला. समोर आंपातो पर्वत, आणि त्याच्या शेजारी साबानकाया ज्वालामुखी धूर सोडत होता, २०१६पासून सोडतोच आहे. आदल्या दिवशी अरेकिपातल्या संग्रहालयात ‘हुआनिता’ पाहिली होती, बारा-पंधरा वर्षांची इंका मुलगी, देवाला बळी दिलेली. ती १९९५मध्ये या आंपातोच्या शिखराजवळ सापडली, कारण साबानकायाच्या राखेनं तिथला बर्फ वितळवला होता. काचेमागे गोठवलेलं ते लहान शरीर आठवलं आणि मी फोटोसाठी आणखी वर, दगडांच्या राशींमधून, जवळपास पळतच गेलो. पंचवीस मिनिटांनी परत आलो तेव्हा ओठ सुन्न होते.

संध्याकाळी चिवायजवळच्या हॉटेलात, ३,६०० मीटरवर, डोकं फुटायला लागलं. रात्री अकराला उलटी, दीडला पुन्हा. झोप लागली की श्वास अडकून जाग यायची. बायकोनं ऑक्सिमीटर लावला: ७९. ती काही बोलली नाही, गाईडला फोन केला. खासगी सहलीचे जादा पैसे कशाचे, हे मला त्या रात्री कळलं. गाईड शेजारच्याच खोलीत होती. तिनं गाडीतला सिलिंडर आणला, नळी लावली आणि चिवायहून डॉक्टर बोलावला. चाळीस मिनिटांत तो आला. छाती तपासली, पाणी साठलेलं नाही म्हणाला. इथले लोक याला सोरोचे म्हणतात. गोळी सुरू केली, सकाळपर्यंत आकडा ८६ झाला. त्यानं दोन गोष्टी बजावल्या: आज गादीवरून उठायचं नाही, आणि पुन्हा ८०च्या खाली गेला तर वाद न घालता अरेकिपाला उतरायचं. खाली उतरणं हाच खरा इलाज आहे. ड्रायव्हरनं त्या दिवशी गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलं होतं. बिल २८० सोल, साधारण ७५ डॉलर. विम्याचा फॉर्म, पावती, निदानाचं इंग्रजी भाषांतर असं सगळं पुढे पाठवलं, तेव्हा कळलं की आपल्या पॉलिसीत पहिले १०० डॉलर आपणच भरायचे असतात. निघण्यापूर्वी ती ओळ वाचा. आणि किती उंचीपर्यंत विमा लागू आहे तेही.

२५ला मी झोपलो, बायको गाईडबरोबर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि यांके गाव बघून आली. खोऱ्यातल्या दोन जमातींपैकी कोयागुआ बायकांची हॅट कुठली आणि काबाना बायकांची कुठली, हे ती आता मला समजावते. कोंदोर, म्हणजे तिकडची प्रचंड गिधाडं, बघायची राहिली होती. ग्रुप असता तर गेलीच असती. आमच्या गाईडनं एजन्सीला फोन करून २६चा दिवस फिरवला: पहाटे उलट दिशेला, ती दिसतात त्या क्रुस देल कोंदोर या कड्यावर, मग तिथून परत फिरून थेट तितिकाकाकाठचं पुनो. ड्रायव्हरच्या जादा तासांचे ६० डॉलर दिले, आनंदानं.

सव्वाआठ वाजले तरी काही नाही. खाली हजारभर मीटर दरी, तळाशी दोऱ्याएवढी कोल्का नदी. मग ऊन कड्यावर आलं, हवा तापून वर चढायला लागली, आणि खालून एक कोंदोर वर आला. पंख हलवत नव्हता. तीन मीटरचे पसरलेले पंख, टोकाची पिसं बोटांसारखी सुटी, आमच्या डोळ्यांच्या पातळीवरून गेला तेव्हा पिसांतून वारा कापल्याचा आवाज ऐकू आला. मी बाकावरून उठलो नाही. उठायची हिंमतच नव्हती.

पुनोबद्दल थोडक्यात. तितिकाका ३,८१२ मीटरवर आहे, पाणी देखणं. उरोस लोकांची लव्हाळ्याची तरंगती बेटं मला दुकानासारखी वाटली. बायकोला तसं वाटलं नाही. २८ला गाडीनं कुस्को, वाटेत ४,३३५ मीटरची ला राया खिंड. मी गाडीतून उतरलो नाही.

माचू पिचूवर इतकं लिहिलं गेलंय की मी फक्त फाटकापुरतं सांगतो. तिकिटावर जुना पासपोर्ट नंबर, हातात दोन पासपोर्ट. तपासनीसानं दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि हात हलवला. रेल्वेत छोटी बॅगच चालते, मोठ्या बॅगा हॉटेलात ठेवा. तिकीट ठरलेल्या मार्गाचं असतं. काढताना मार्ग कुठला ते विचारा, आत गेल्यावर बदलता येत नाही.

कुस्कोत कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या इंका भिंती पाहा. वर स्पॅनिशांनी चर्च चढवलं. १९५०च्या भूकंपात चर्च तडकलं, खालच्या भिंतींना काही झालं नाही. तिथला गाईड मात्र घाईतला होता, सारखा त्याच्या ओळखीच्या लोकरीच्या दुकानाकडे वळायचा. दर गावाला गाईड बदलतो, हे आराखड्यात लिहिलेलं असूनही मी वाचलं नव्हतं. ‘दुकानं नकोत’ असं आधीच लेखी कळवा.

हॉटेलात पासपोर्ट आणि देशात आल्याची नोंद दाखवली की परदेशी पर्यटकाला खोलीवरचा अठरा टक्के कर माफ असतो. स्वतः बुकिंग करणार असाल तर विसरू नका. कोकाच्या पानांचा चहा तिकडे सर्रास मिळतो, मीही प्यायलो, पण त्याची पाकिटं बॅगेत टाकून आणू नका. आपल्याकडे तो अमली पदार्थांचा गुन्हा होतो.

५ ऑक्टोबरला मुंबईत उतरलो. इमिग्रेशनच्या आधी आरोग्य खात्याचा काउंटर. आमच्या पुढे एक तरुण होता, त्याच्याकडे कार्ड नव्हतं; ‘मी फक्त कॉन्फरन्सला गेलो होतो’ असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवलं. बायकोनं फाइल उघडली, दोन पिवळी कार्डं काढली. अधिकाऱ्यानं तारीख पाहिली, शिक्का मारला आणि फाइलीकडे बघून म्हणाला, ‘असं सगळ्यांनी आणलं पाहिजे.’

घरी येईपर्यंत तिनं मला हे चार वेळा ऐकवलं.